मौनाचा उपचार

९ जानेवारी

कॅन्सर.

लिहून पाहिला शब्द. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं!

घशातला तुकडा काढून तपासायला दिला होता, त्याचा निकाल आज. डावा स्वरतंतू. डॉक्टरीणबाई आमच्या लेकीहून लहान असतील. त्यांनी पडद्यावर माझाच घसा मला दाखवला — ओली गुलाबी गुहा, आत दोन पांढऱ्या दोऱ्या, एकीवर खरबरीत ठिपका. जन्मभर ज्याच्या जिवावर पोट भरलं ते हे एवढंसं!

म्हणाल्या, "काका, लवकर सापडलंय. पाच-सहा आठवडे किरणांचे उपचार. बहुतेक लोक यातच बरे होतात, आवाजही राहतो. फक्त वेळ घालवायचा नाही. वाढलं, तर मग स्वरयंत्र काढायची पाळी येते."

एवढं सगळं बोलल्या, आणि मला ऐकू आलं ते फक्त शेवटचं वाक्य.

हिला तर तेही नाही. हिचे कान कित्येक वर्षं मंद. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखते, आणि डॉक्टरीणबाईंच्या तोंडाला मास्क! बाहेर बाकावर बसल्यावर विचारते, "काय म्हणाल्या?" मी सांगितलं — मान खाली घालून, तोंडातल्या तोंडात. "काय?" पुन्हा सांगितलं. "अहो, वर बघून नीट सांगा ना!" शेवटी ओरडलो, "कॅन्सर!" अख्खी रांग वळून बघायला लागली. शेजारची बाई पर्स छातीशी धरून लांब सरकली, मी धमकीच दिल्यासारखी.

ही शांतपणे उठली. पिशवी खांद्याला अडकवली.

"बरं. मग पुढची तारीख कुठे घ्यायची?"

१० जानेवारी

मी बसस्थानकाचा आवाज होतो. काचेची खोली, समोर माइक, माइकला हिने शिवलेली मखमलीची टोपी, आणि बशीत विझवलेल्या सिगारेटी — त्या डॉक्टरीणबाईंनी काल बरोबर हुडकून काढल्या. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं —" लोक मला चेहऱ्याने ओळखतच नसत. दुकानात जाऊन साखर मागितली की माणसं दचकून सामान उचलायची!

दोन गाड्यांच्या मध्ये मी शाळेतल्या कविता म्हणायचो. मनात नाही, मोठ्यानेच. एकदा माइक चालू राहिला. तिसरीच्या पुस्तकातली कंदिलाची कविता सगळ्या फलाटांनी ऐकली —

कंदिला रे, जाग जरा,
वाट अजून येते घरा.

फोन खणखणला. डेपोचा कंट्रोलर. "कविराज, माइक चालू आहे तुझा." मी बटणाकडे हात नेला. तर म्हणतो, "बंद करू नकोस, पुरी कर! गाडीला तसाही उशीर आहे."

तेव्हापासून तो माझा जिवलग. डेपो गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे भेटी कमी, फोनच जास्त. तारेत कितीही खरखर असो, मी नुसतं "हं" म्हटलं तरी ओळखायचा.

आणि तिकीट खिडकीवरचा आमचा तो सोबती आठवतोय. स्वरयंत्र काढलेला. गळ्याशी भोक, त्यावर रुमाल. बॅटरीवरची एक दांडी गळ्याला टेकवून बोलायचा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. कुणी हसत नसे. पण हळूहळू तोच बोलायचा थांबला.

मला ते नको. बाकी काहीही चालेल.

कंदिलाच्या त्या कवितेबद्दल तिसरीत मास्तरांना विचारलं होतं, वाट कशी घरी येईल? घरी माणूस येतो ना? मास्तर म्हणाले, "मोठा झालास की कळेल." मोठा झालो, म्हातारा झालो. अजून कळलेलं नाही.

१२ जानेवारी

लेक आली. चपला काढायच्या आधीच — "बाबा, येत्या सोमवारपासून सुरू करायचं. नाटकं नकोत."

म्हटलं, जरा विचार करतो.

"तुम्ही विचार करा. ती गाठ विचार करत बसणार नाही!"

अगदी आईवर गेली आहे. फक्त कान माझ्यावर गेलेत, त्यामुळे लेकीशी पुटपुटून सुटका होत नाही.

१५ जानेवारी

शेजारी मला हिरवेकाकांकडे घेऊन गेले. रोपवाटिकेच्या मागे त्यांची खोली. खरं नाव कुणालाच ठाऊक नसावं. पोपटी सदरा, चारी बाजूंनी गव्हांकुरांच्या ताटल्या, पानांतून गाळून येणारा उजेडही हिरवा! भिंतीभर बरे झालेल्यांचे फोटो. सगळे हसरे.

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि धरून ठेवला. दवाखान्यात नळ्या आत गेल्या, दिवे आत गेले, पण हात कुणी धरला नव्हता.

म्हणाले, "जखमेवर रोज कुणी नाचत असेल तर ती भरेल कशी? तुम्ही जन्मभर घशाला नाचवलंत. आता झोपू द्या त्याला. दीड महिना संपूर्ण मौन. गव्हांकुरांचा रस, गाजर, बीट, वाफ. साखर बंद, मीठ नावाला. शरीरच गाठ विरघळवून टाकतं."

"आणि ते किरणांचे उपचार?"

"दिव्याने घर उजळायचं की आगीने पेटवायचं, ते तुम्ही ठरवा."

काय वाक्य! वहीत उतरवून घ्यावं असं. गाठ राहिली बाजूला, मीच विरघळलो.

१६ जानेवारी

मौन सुरू. माळ्यावरची जुनी दगडी पाटी काढली. पेन्सिलीचा तो कर्रर्र आवाज! अंगावर शहारा आला आणि एकदम तिसरीचा वर्ग आठवला.

लेकीला फोनवर संदेश पाठवला. उत्तर नाही. स्वतःच आली, जिन्यापासून बोलत. मी पाटी वर धरली — "मौन आहे."

"उत्तम! मग मीच बोलते." आणि बोलली. सगळं खरं बोलली बहुतेक. मी पाटीवर फुलं काढत होतो.

ती गेल्यावर हिने विचारलं, "तुम्हाला हेच हवंय?"

लिहिलं — हो.

ती बराच वेळ पाटीकडे बघत होती. पाटीवर एकच तर शब्द होता. मग म्हणाली, "बरं," आणि गाजरं सोलायला घेतली.

२० जानेवारी

रस! गवत कापायच्या यंत्राचं पातं चाटावं तशी चव. पण ही एवढा वाटून, गाळून, पेला पुसून आणते की तोंड वाकडं करायची लाज वाटते.

२८ जानेवारी

मौनात मजाही आहे. नळ ठिबकतो तो एका तालात. खालच्या मजल्यावरचा शिंपी मशीन चालवता चालवता स्वतःशीच भांडतो. पंखा दर फेऱ्याला "हो ना, हो ना" म्हणतो. एवढी वर्षं माझ्याच आवाजाखाली हे सगळं दडपलं गेलं होतं!

कविता मनात म्हणतो. कडवं अडलं की पाटीवर लिहितो. ही येऊन पुसते, कारण त्याच पाटीवर तिला दुधाचा हिशेब मांडायचा असतो.

एरवी म्हणायची, "सकाळी सकाळी कविता नकोत हो, डोकं उठतं." आज भांडी लावता लावता म्हणाली, "घर कसं सुनंसुनं वाटतं."

ऐकू न येणाऱ्या बाईला घर सुनं कसं वाटतं?

६ फेब्रुवारी

लेक म्हणाली, "बाबांचं मौन, आईचे कान असे! घरात चोर शिरला तर सांगणार कोण आणि ऐकणार कोण? बाबा माझं ऐकत नाहीत, निदान तू तरी ऐक." आणि हिला कानवाल्यांकडे घेऊन गेली. येताना यंत्र. घेवड्याच्या दाण्याएवढं, केसांत लपतं.

लेकीने शाळेतल्यासारखं समजावलं — "आत घातलेली बॅटरी आठवडाभर टिकेल. मग या पट्ट्यातली नवी घ्यायची. तिला हे नारंगी शेपूट आहे ना, ते सोललं की ती चालू होते. पट्टा कपाटात ठेवलाय, आई. कळलं?"

"कळलं गं बाई."

लेकीची पाठ वळल्यावर यंत्र डबीत. "सगळी भांडी अंगावर धावून येतात," म्हणाली.

२१ फेब्रुवारी

कंबरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं. हिरवेकाका म्हणाले, "विष बाहेर पडतंय." मला तर मांड्याच बाहेर पडल्यासारख्या वाटतात.

३ मार्च

मौन सुटलं!

आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसलो. हिला समोर बसवलं. तिने डबीतून यंत्र काढून कानात घातलं, केस सारखे केले. लग्नाआधी बघायला गेलो होतो तेव्हासुद्धा मी एवढा घाबरलो नव्हतो.

कंदिलाची कविता म्हटली. सावकाश, शब्द सुटासुटा करून. ती एकटक माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटच्या ओळीला तिचे डोळे भरून आले.

"कसा आहे?"

"अगदी पूर्वीसारखा! शब्द न् शब्द कळला."

मी उठून खोलीभर फिरलो. आरशासमोर उभा राहून म्हटलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं!" मला स्वतःला थोडी खरखर जाणवली, खोटं कशाला लिहू. पण आपला आवाज आपल्याला कधी नीट ऐकू येतो? माइकवाल्याला हे पहिल्याच दिवशी कळतं.

४ मार्च

हिरवेकाकांनी फोटो मागितला. भिंतीवर खिडकीशेजारी लावला. मीही हसरा.

७ मार्च

बातमी सांगायला कंट्रोलरला फोन केला. तो आता मुलाकडे असतो, लांब.

"हॅलो."

"ओळख पाहू!"

"कोण बोलतंय?"

"अरे, मी!"

"मी म्हणजे कोण? साहेब, नंबर चुकला असेल तुमचा."

मला वाटलं, थट्टा करतोय. म्हणून म्हटलं, "कंदिला रे, जाग जरा —"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग अगदी हळू — "कविराज?... अरे, गळ्याला काय झालं तुझ्या?"

तारेत आज अजिबात खरखर नव्हती. स्वच्छ फोन. खरखर होती ती माझीच.

सगळं सांगितलं. गाठ, मौन, रस, फोटो. त्याने सगळं ऐकून घेतलं. आणि मग फुटला! — "गाडी फलाटावर लागलीय, इंजिन चालू आहे, कंडक्टर नावाने हाका मारतोय! आणि तू बाकावर बसून चालकाचा चेहरा आवडतो का ते बघतोयस? चढ ना गाढवा! ती सुटली की पुढे जाते कुठे माहीत आहे ना? त्या तिकीटवाल्याकडे!"

फोन ठेवल्यावर घाम पुसत बसलो. पण ही तर म्हणाली होती, अगदी पूर्वीसारखा! — आणि एकदम लक्षात आलं. यंत्र! नवंकोरं यंत्र! माझा आवाज सुधारला नव्हता, हिचे कान सुधारले होते. बिचारीला काय ठाऊक!

लेकीला सांगितलं तर ती आधी हसली, मग रडली, मग दवाखान्यात फोन लावला. ही मात्र हसली नाही. "गॅस बंद करून येते," म्हणून आत गेली.

गॅस बंदच होता.

८ मार्च

हिरवेकाकांकडे गेलो. म्हटलं, दवाखान्यात जातोय. त्यांचा चेहरा पडला. "इथवर आलात आणि मागे फिरता? एवढे बरे झालेत, बघा!"

मी भिंतीकडे बघितलं. मनात आलं ते विचारून टाकलं — "जे बरे झाले नाहीत, त्यांचे फोटो कुठे आहेत?"

त्यांनी एक ताटली उचलली. पाण्याने भरली. पुन्हा ठेवली.

"ते परत येत नाहीत," म्हणाले.

माणूस लबाड नाही. हे वाक्य त्यांनी स्वतःसुद्धा पहिल्यांदाच ऐकलं असावं, असं त्यांच्या तोंडावरून वाटलं. मी माझा फोटो मागितला. त्यांनी काढून दिला, काच सदऱ्याने पुसून. "रस प्यायला येत जा," म्हणाले. भिंतीवर नुसता खिळा राहिला.

१० मार्च

पुन्हा ती नळी, पुन्हा ती गुहा. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघतात, बघतातच. मी मनात सगळ्या इयत्तांच्या कविता भराभर म्हणून घेतल्या, शेवटच्या असल्यासारख्या.

"वाढलंय थोडं, काका."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पण अजून तंतूवरच आहे. बाहेर गेलेलं नाही. जमेल अजून किरणांनी."

जमेल! हा एवढा सुंदर शब्द कुठल्या कवितेत कसा नाही?

रागावतील म्हणून मीच आधी सगळं सांगून टाकलं. रागावल्या नाहीत. "गाजर-बीट खुशाल प्या. पण उपचार चालू असताना पाला, मुळी, चूर्ण काहीही घेण्याआधी मला विचारायचं. जेवण सोडायचं नाही, वजन अजून उतरलं तर मी ओरडेन. मौन तर छानच, घशाला विश्रांती मिळते. फक्त गाठीला मौन समजत नाही."

आणि मग — हिने त्यांच्या बाहीला हात लावला. म्हणाली, "डॉक्टर, मला ओठ दिसायला हवेत." त्यांनी खुर्ची मागे सरकवली, मास्क खाली घेतला, आणि हिच्याकडे तोंड करून सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. एकेक शब्द सावकाश. गेल्या वेळी कुणी सांगितलं असतं, तर तेव्हाच केलं असतं त्यांनी! बाकावर ओरडायची पाळीच आली नसती.

यंत्र कानात असताना ओठ कशाला लागतात? जुनी सवय, दुसरं काय.

२२ मार्च

किरण सुरू झाले. त्याआधी चेहऱ्याचा साचा केला. कोमट ओली जाळी तोंडावर ओढतात, ती थंड होऊन कडक होते. मग ती टेबलाला खिळवतात, म्हणजे मान हलत नाही. "घाबरायचं नाही आजोबा, फक्त हलायचं नाही," असं सांगून तंत्रज्ञ दाराबाहेर पळतो. जे डोळ्यांना दिसतही नाही त्यालाच सगळे एवढं भितात!

मशीन गुणगुणतं. मी आत कविता म्हणतो.

तेल थोडं, वारा फार,
तरी उघडं राहो दार.

कविता संपून पुन्हा सुरू होते, तेवढ्यात दार खरंच उघडतं. दुखत बिखत काही नाही. ज्याला आग म्हणून भ्यालो, ते ऊनसुद्धा नाही.

६ एप्रिल

घाईने लिहिलं होतं. दुखतं. घोट गिळताना काच गिळल्यासारखं. मानेची कातडी काळी पडली. आवाज तर पार गेला, हवा नुसती. डॉक्टरीणबाई म्हणतात, हे धरलेलंच होतं, नंतर भरून येईल. ही सगळं मऊ करून, निववून भरवते. मीठ-सोड्याच्या गुळण्या. पाटी पुन्हा काढली.

मोठ्याने घाबरताही येत नाही.

१४ एप्रिल

लेक दाराबाहेर उभी, बेल वाजवतेय, वाजवतेय! ही स्वयंपाकघरात, मला हाक मारता येईना. धडपडत उठून मीच दार उघडलं. लेक आईवर उखडली — "यंत्र कुठाय?" "डबीत. केस धुतले होते," म्हणाली. केस कोरडे होते. मी पाटीवर लिहिलं, "तिला ओरडू नकोस." लेक म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून एक माणूस आहात!"

२९ एप्रिल

संपलं!

तंत्रज्ञाने जाळीचा तो चेहरा भेट दिला. घरी आणला. ही म्हणाली, "तुमच्यापेक्षा हाच शहाणा. गप्प असतो."

परतताना बसने आलो, मुद्दाम. पुढची जागा मिळाली. मी हललोही नाही, नुसता बसून होतो, आणि समोरच्या काचेतून रस्ताच आमच्याकडे येत होता. झाडं, पूल, पाण्याची टाकी, आमची गल्ली — एकेक करून सगळं चालत आलं. वाट घरी येते! उभा जन्म बसगाड्यांत घालवला, पण त्या फलाटावरून बघितल्या. आत बसलेल्याला जे दिसतं ते आज दिसलं. मास्तर, कळलं हो. जरा उशिरा.

११ मे

काही नाही. लापशी. झोप.

३० मे

"पाणी" म्हटलं, आणि लेकीने पाणी आणून दिलं! आम्ही दोघं पेल्याकडे बघत राहिलो. मग ती म्हणाली, "बाबा, पुन्हा मागा ना." पोट डबडबेपर्यंत पाणी प्यायलो.

१८ जून

हिरवेकाका आले, हातात गाजरांची जुडी. बसले. आवाज ऐकून म्हणाले, "भरतोय." मग उगाच टेबलक्लॉथच्या सुरकुत्या सारख्या करत बसले. जाताना दाराशी थांबून — "माझ्याकडे एक बाई येतात. छातीत गाठ आहे. तुमच्या डॉक्टरांचा पत्ता द्या. आधी तिकडे पाठवतो, रस मग देईन."

पत्ता दिला. त्यांनी माझा हात धरला, पहिल्या दिवशी धरला होता तसाच. काही झालं तरी त्या हातात काहीतरी होतं, हे मी नाकारणार नाही.

११ ऑगस्ट

स्वच्छ!

दोन्ही दोऱ्या पांढऱ्याशुभ्र. मलाही दिसल्या. "येत राहायचं तपासायला, सुट्टी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण हसत. आज त्यांनी मास्क आधीच खाली घेतला होता, हिच्यासाठी. हिने माझ्या दंडाला धरलं ते घर येईपर्यंत सोडलं नाही.

कंट्रोलरला फोन लावला. त्याने उचलला. मी नुसतं म्हटलं, "हं."

"बोला कविराज!"

१२ ऑगस्ट

सकाळी ही कपाटातून बॅटऱ्यांचा पट्टा घेऊन आली. "हे शेपूट कसं सोलायचं हो?"

पट्टा अख्खा. एकही शेपूट निघालेलं नव्हतं. फेब्रुवारीपासून!

"मग त्या दिवशी... मी कविता म्हटली तेव्हा?"

"आतली बॅटरी मी पहिल्याच दिवशी काढून ठेवली होती." खाली बघत होती. "तुमचा आवाज कसा झालाय ते ऐकायचा धीर होईना. आणि तुम्ही निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखे बघत होता. मी ओठ बघितले. कविता तर मला पाठच आहे."

मी शेपूट सोललं. यंत्र तिच्या कानात बसवून दिलं.

ती खुर्ची ओढून समोर बसली, आणि तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

"म्हणा आता."

म्हटली. सगळी.

"थोडा घोगरा आहे," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच. "पुन्हा म्हणा."